पिकअपचा रंग: पावसाआधी, पावसात आणि पावसानंतर (देवगड, 2025)

20 एप्रिल, रविवार

गाडी पांढरी पिकअप, जुनी घेतलेली. काम आंब्याचं: बागेतून पेट्या, क्रेट, कधी शेणखत, कधी चिरे. घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे वारा सुटला की मीठ थेट खळ्यात. पावसाळ्याआधी रंगाचं काय ते करून घ्यायचं ठरवलं आहे. मृगाला अजून दीड महिना आहे, पण हंगाम चालू असल्यामुळे गाडी रविवारीच मोकळी मिळते.

आज फक्त पाहणी. स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक कागदात गुंडाळून पत्र्यावरून फिरवलं. डाव्या दाराच्या खालच्या भागात आणि मागच्या मडगार्डवर ते धरतच नाही. तिथे लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे, आधीच्या मालकाचं काम. तिथे घासताना हात आखडता घ्यायचा, कारण वरच्या रंगाचा थर किती आहे कोण जाणे.

दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची. ओल्या पांढऱ्या फडक्यावर रंग आला तर कळणार नाही, म्हणून काळा टी-शर्ट फाडून घेतला. त्याला थोडं पॉलिश लावून बोनेटच्या कोपऱ्यात चोळलं, तर फडकं पांढरं झालं. म्हणजे वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, पांढरा रंग हाच शेवटचा थर. मालवाहू गाड्यांच्या साध्या पांढऱ्या रंगात असं पुष्कळदा असतं. क्लिअर कोट असता तर फडक्यावर रंग उतरला नसता. कारखान्यातला सगळा रंग तळापासून वरपर्यंत मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा भाग किंवा थोडा जास्त. यातून जे घासून काढू ते परत येणार नाही. म्हणून या कामाचा नियम आजच लिहून ठेवतो: भिजवायचं जास्त, घासायचं कमी.

गंज कुठे कुठे: हौद्याच्या तळाला जिथे क्रेट ओढतात तिथे, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या दाराच्या) बिजागरांपाशी, ताडपत्रीची दोरी अडकवायच्या कड्यांच्या मुळाशी, आणि उजव्या दाराच्या खालच्या काठाला बारीक फोड. केबिनच्या मागच्या बाजूला रंग निस्तेज आहे पण गंज नाही. तिथे ताडपत्री फडफडून फडफडून घासलेली दिसते.

22 एप्रिल

पाण्याचं बघितलं. घरात दोन पाणी आहेत, वरची विहीर आणि खाडीकडची बोअर. बोअरला मोटर आहे, नळी आहे, त्यामुळे गाडी आजवर तिथेच धुतली जायची. दोन्हींचा एकेक थेंब जुन्या आरशावर टाकून उन्हात वाळू दिला. विहिरीच्या थेंबाची जागा शोधावी लागली. बोअरच्या थेंबाचं पांढरं कडं उरलं, नखाला खरखरीत लागणारं. पाण्यातले क्षार मोजायच्या मीटरनं मोजलं तर विहीर 60 च्या आसपास, बोअर हजाराच्या वर.

जांभ्यातलं विहिरीचं पाणी मऊ, त्यात क्षार कमी, साबणाला फेस भरपूर. याउलट खाडीकडचं पाणी वाळलं की मीठ मागे ठेवून जातं. आणि आपल्याकडे मीठ नुसतं पडून राहत नाही. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसंच ते पत्र्याच्या सांध्यात सुटतं आणि मग पाऊस नसतानाही गंज चालूच राहतो. म्हणून शाम्पू कुठला यापेक्षा शेवटचं पाणी कुठलं, हे आधी. आता विहिरीवरून टाकीत आणि टाकीतून नळीनं.

27 एप्रिल, रविवार

पहिली धुणी. सकाळी सातच्या आधी, पत्रा गार असताना. दुपारी बोनेटला हात लागत नाही, अशा वेळी शाम्पू लावला की तो पाणी मारेपर्यंत वाळून डाग धरतो.

आधी हाताला काहीच न लावता नुसतं पाणी, टपावरून खाली. आमच्या रस्त्याची धूळ लाल, जांभ्याची, आणि तिच्यात बारीक खडे. हीच धूळ ड्रायव्हर बापू रोज सकाळी कोरड्या पिवळ्या फडक्यानं पुसायचा. बोनेटवर उन्हात जी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात ती तिथूनच आली. त्याला फडकं बंद कर म्हटलं तर म्हणाला, "मग गाडी वाशीक अशीच धुळीची न्हेव?" धुळीची गेली तर काही बिघडत नाही. पुसून गेली तर बिघडतं.

फेसासाठी वेगळं यंत्र घेतलं नाही. पाठीवरचा फवारणीचा पंप आहे, 16 लिटरचा. मात्र हा नवा, फक्त गाडीसाठी ठेवलेला. तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये, आणि पुढे चुकून पुन्हा बागेत जाऊ नये म्हणून त्याच्यावर लाल रंगानं ‘गाडी’ लिहिलं. शाम्पू गाडीचाच. भांड्याचा साबण तेलकटपणा काढतो तसं मेणही काढतो, आणि कपड्याची पावडर तर सोड्याची, क्षारयुक्त. ती जुन्या रंगाला आणखी रुक्ष करते. पंपानं मारून पाच मिनिटं सोडलं. मातीचे लाल ओघळ आपोआप खाली येऊ लागले. जेवढं असं उतरतं तेवढं घासणं वाचतं.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा एका पट्ट्यावर फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत. हात सरळ रेषेत, गोल गोल नाही. वरून खाली, आणि चाकांजवळचा भाग सगळ्यात शेवटी. नंतर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ पाहिला तर बोटभर लाल रेती. एकच बादली असती तर हीच रेती परत पत्र्यावर फिरली असती. हौद्याला वेगळी बादली, वेगळा ब्रश. काथ्याचा बोळा फक्त टायरला.

दारांच्या खालच्या काठाला पाणी निघायची भोकं असतात. चारही बंद होती. माडाच्या झाडूची हीर घालून फिरवली, तर उजव्या दारातून गेरूसारखं पाणी बराच वेळ गळत राहिलं. दाराचे फोड बाहेरून आलेलेच नाहीत, आतून आलेत. काचेच्या खालच्या जाळीत काजूची पानं सडून बसली होती, ती हातानं काढली.

पुसायला जाड मायक्रोफायबर टॉवेल. पत्र्यावर पसरायचा आणि ओढायचा, चोळायचा नाही. आरशांच्या मागून, दारांच्या रबरातून नंतर पाणी गळतंच, म्हणून गाडी रस्त्यावर थोडी फिरवून आणून पुन्हा टिपली.

4 मे, रविवार

डागांचा दिवस. प्रत्येकाचं औषध वेगळं.

आंब्याचा चीक: हौद्याच्या काठांवर आणि दारावर. देठ मोडला की उडतो तो. माणसाच्या कातडीला भाजतो, आंब्याच्या सालीवर काळा डाग पाडतो, तर रंगाला सोडेल कसा? ताजा असला तर शाम्पूच्या पाण्यानं जातो. वाळून तपकिरी झालेल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं अर्धा मिनिट ठेवलं की मऊ होतो. लगेच पाणी. चिकाच्या खाली काही ठिकाणी रंग पिवळट झालाय, तो राहणार.

डांबर: नांदगाव तिठ्याच्या पुढे कुठेतरी लागलेलं. थोडं रॉकेल फडक्यावर, ठिपक्यापुरतं, मग शाम्पू. अख्खी गाडी रॉकेल-डिझेलच्या पाण्यानं पुसायची पद्धत इकडे आहे, दोन तास चमकते खरी. ती चमक तेलाची. तिच्यावर संध्याकाळपर्यंत दुप्पट धूळ बसते आणि रबर फुगतं.

सिमेंटचे शिंतोडे आणि बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे) निळसर ठिपके: दोन्हींत चुना. पोफळीवर फवारणी चालू असताना गाडी वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभी होती. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, फडकं भिजवून त्या जागी चिकटवलं, चुना सुटला, भरपूर पाणी. बोअरच्या पाण्याचे जुने पांढरे ठिपकेही यानंच बरेच गेले. उघड्या लोखंडावर मात्र व्हिनेगर जाऊ द्यायचं नाही.

पक्ष्यांची विष्ठा: ओलं फडकं ठेवून भिजवायची, खरवडायची नाही. तिच्यातलं आम्ल उन्हानं तापलेल्या रंगात उतरतं. जांभळाखाली गाडी लावणं या महिन्यापासून बंद. वटवाघळं रात्रभर येतात आणि त्यांचं काम जांभळ्या रंगात करून जातात.

लिंबू-मिरची: पुढच्या नंबर प्लेटखाली शनिवारी बांधलेली. लिंबू सुकेपर्यंत त्याचा रस बंपरवर ठिबकतो, तिथे उभा ओघळ उमटलाय. आता तारेऐवजी दोरा, आणि बंपरला न टेकता खाली लोंबकळेल असा. काढून टाकायचा विषय आईजवळ काढलाच नाही.

11 मे, रविवार

गंज. दिवसभर हेच.

हौद्याच्या तळाचे सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशनं, मग 80 चा पॉलिश पेपर, मग 220. चमकतं लोखंड दिसेपर्यंत जिथे जाता आलं तिथे गेलो. जिथे खड्ड्याखड्ड्यांत गंज राहिला तिथे टॅनिनवालं रस्ट कन्व्हर्टर ब्रशनं. लावलं तेव्हा दुधाळ होतं, बघता बघता निळसर आणि मग काळं झालं. गंज टॅनिनला बांधला जातो आणि एक टणक काळा थर उरतो. सुट्या पापुद्र्यांवर लावून उपयोग नाही, पापुद्र्यासकट निघून येतं. डबा रात्रभर वाळू द्या म्हणतो. इकडच्या मे महिन्याच्या दमट हवेत मी दोन रात्री देणार.

कड्यांच्या मुळाशी ब्रश पोचत नाही, तिथे जुना टूथब्रश. फाळक्याच्या बिजागरांचे बोल्ट गंजून बसलेत, जोर लावला तर तुटतील. तिथे सध्या नुसतं साफ करून ग्रीस.

काका येऊन बसले. त्यांच्या हिशेबानं हा सगळा पोरखेळ. पावसाआधी खालून जळकं ऑइल मारलं की झालं. कोकणात वर्षानुवर्षं तेच चालत आलंय, आणि लोखंड त्यानं काही काळ वाचतं हे खरंच. पण ते ऑइल ब्रेकवर जातं, रबरी बुश खातं, सायलेन्सरवर पडलं की वास मारतं आणि पहिल्या पावसात धुऊन खळ्यातून उतारानं कुठे जातं? आमच्या विहिरीकडे. हे ऐकल्यावर ते म्हणाले, "मग कर बाबा तुझ्या मनासारखं," आणि चहा मागितला.

14 मे

संध्याकाळी हौद्यात इपॉक्सी प्रायमर, दोन पातळ हात. साधं रेड ऑक्साइडही चाललं असतं, पण क्रेट ओढून ओढून ते लवकर निघतं. वरून पांढरा रंग उद्या-परवा. हौद्याचा रंग गाडीच्या पांढऱ्याशी जुळत नाही, जुळवायचाही नाही. वर रबरी चटई येणार आहे. चटई दर आठवड्याला उचलून खालचं पाणी सुकवायचं, नाहीतर तिच्याखालीच गंज धरेल.

18 मे, रविवार

आकाश बघून आज मेणाचं काम उरकलं. वारा दक्षिणेकडून आहे आणि लक्षण बरं नाही.

आधी निस्तेजपणा. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो. वर्षानुवर्षं ऊन खाऊन वरचा चिकट भाग झिजतो आणि रंगाचे कण सुटे होतात, म्हणून हात फिरवला की बोटाला चुन्यासारखं लागतं. ते सुटे कणच काढायचे, त्याच्या खाली जायचं नाही. सौम्य पॉलिश, हातानं, फोमचा तुकडा, टप आणि बोनेट एवढंच. मशीन आणलं नाही. लांबी भरलेल्या जागांवर आणि पत्र्याच्या धारांवर पॉलिश फिरवलंच नाही. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो.

फडकं पांढरं यायचं थांबलं तिथे थांबलो. वर्तुळं बरीच तशीच आहेत. असू देत.

आता संरक्षण. दोन डबे आणले होते: एक कार्नोबाचं मेण, दुसरं कृत्रिम पॉलिमरचं सीलंट. कार्नोबा ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर येतं, 80 अंशांच्या पुढे वितळतं, आणि त्याची चमक खोल दिसते. दुकानदार मेणाची शिफारस करत होता, माझा कल सीलंटकडे. म्हणून बोनेटच्या मधोमध कागदी टेप लावून डावा अर्धा मेण, उजवा अर्धा सीलंट. बाकी गाडीला सगळीकडे सीलंट. दोन्हींचा थर इतका पातळ की तिरकं बघितल्याशिवाय दिसू नये. जाड लावलं की वाळत नाही आणि पुसताना हात दुखतात, टिकत मात्र तितकंच. पडवीत, सावलीत, सकाळी. सीलंटला पाणी न लागता रात्रभर ठेवायचं म्हणून गाडी पडवीच्या पुढच्या भागात अर्धी आत घातली.

रेडियमच्या अक्षरांच्या कडांवर मेण लावलं नाही, तिथे पांढरी रेघ बसते. प्लास्टिकच्या काळ्या बंपरवरही नाही.

25 मे, रविवार

गेले काही दिवस धो धो. केरळात काल मान्सून आला आणि आज हवामान खात्यानं तो कोकणात पोचल्याचं सांगितलं. नकाशावर त्याची रेघ चक्क देवगडवरून काढलीय. मृगाचा हिशेब सगळ्यांचाच चुकला. झाडावरचा उरलेला आंबा गेला, त्यापुढे गाडीच्या रंगाचं काय घेऊन बसायचं. तरी नोंद करतो: चासीचं काम अर्धंच झालं. मेणाचा, अंडरबॉडीसाठीचा स्प्रे आहे, त्याला बारीक नळी. उजव्या बाजूच्या चासीच्या पोकळीत भोकांतून नळी घालून मारून झालं होतं, दारांच्या आतही. डावी बाजू ओली झाली आणि ओल्यावर मारलं तर पाणी आत कोंडून ठेवल्यासारखं. तिकडचं आता पाऊस उघडल्यावर. डांबरी काळा थर देतात तो मुद्दाम टाळला. तो कडक होतो, एखाद्या ठिकाणी तडकतो, आणि तडकलेल्या जागेतून पाणी आत जाऊन वर न दिसता कुरतडत बसतं.

15 जून, रविवार

बोनेटवर थेंब दोन्ही अर्ध्यांवर गोल, टपोरे. डावा अर्धा जास्त छान दिसतो, मान्य.

धुवायला पागोळीचं पाणी वापरतोय. पहिल्या पावसात कौलांवरची घाण येते, ते पाणी सोडून दिलं. आता पिंपात पडतं ते स्वच्छ, मीटरवर आकडा जेमतेम दिसतो, आणि न पुसताही डाग पडत नाही. चिखल मडगार्डच्या आतल्या ओठावर साचतो, तो बोटानं काढावा लागतो. नळी खालून मारायची, प्रेशर वॉशर असला तरी रंगापासून हातभर लांब, आणि रंग उडालेल्या कडेवर सरळ कधीच नाही. पाणी पापुद्र्याखाली शिरतं.

20 जुलै, रविवार

काचेच्या रबराला हिरवं शेवाळ. जुना टूथब्रश आणि शाम्पू.

शेजारच्यांनी गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घाला सांगितलं. नाही घालणार. आत ओल कोंडते आणि वाऱ्यानं कव्हर फडफडलं की खालची रेती पत्र्यावर घासते. केबिनच्या मागे ताडपत्रीनं काय केलंय ते दिसतंच आहे. तिथे जुनी सायकलची ट्यूब चिरून ताडपत्रीच्या कडेखाली बांधली.

डाव्या अर्ध्यावर थेंब पसरट झाले. उजवीकडे अजून गोल.

3 सप्टेंबर

गौरी-गणपती गेले. विसर्जनाला मूर्ती आपल्याच पिकअपमधून, त्यामुळे गुलाल टपापासून हौद्यापर्यंत, वर पावसाची भुरभुर. सगळ्यांचा हात पहिल्यांदा फडक्याकडे जातो. ओला गुलाल पुसला की तो पत्र्यावर पसरतो आणि सांध्यात जातो. आधी नळीनं भरपूर पाणी, मग पंपानं फेस, मग पुन्हा पाणी, आणि शेवटी हातमोजा. बोनेटच्या उजव्या भागावरून गुलाल पाण्याबरोबरच गेला. डावीकडे फिक्कट गुलाबी झाक राहिली, मेण तिथे संपलंय. साडेतीन महिने, त्यात कोकणातला पावसाळा. मेणाला नावं ठेवण्यासारखं नाही, पण पुढच्या वर्षी डबा आणणार नाही.

2 ऑक्टोबर, दसरा

आईनं बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार आरशांना बांधला. हाराचा दोरा रंगावर घासतो म्हणून आरशांच्या दांड्यांना मऊ फडकं गुंडाळलं, ते तिला आवडलं नाही, पण ठेवू दिलं. हळदीचं काही करायचं नाही, ऊनच तिचा रंग उडवतं. कुंकू बाजारचं, त्यात काय रंग असतो कुणास ठाऊक; ते दोन दिवसांनी, कोरडं झटकून, मग पाण्यानं. स्वस्तिक मुद्दाम उजव्या अर्ध्यावर काढायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

12 ऑक्टोबर, रविवार

पाऊस उघडला, पत्रा पूर्ण सुकला. बोनेटचा डावा अर्धा शाम्पूनं, मग अल्कोहोलनं पुसून तिथेही सीलंट. चासीची डावी पोकळी नळीनं भरली. आत टॉर्च मारून पाहिलं तर उजव्या बाजूला मेणाचा पिवळा थर जसाच्या तसा आणि डावीकडे लाल पूड, म्हणून तिथे आधी हवेनं उडवली, मग स्प्रे. उजव्या दाराचे फोड वाढलेले नाहीत. हौद्यातला पांढरा रंग चटईच्या कडेला दोन जागी उडालाय, खाली प्रायमर शाबूत आहे.

राहिलेलं: फाळक्याचे बोल्ट. दिवाळीनंतर वेल्डिंगवाल्याकडे तापवून काढायचे, नवे गॅल्व्हनाइज्ड घालायचे. तोपर्यंत ग्रीस, आणि बापूला फाळका आपटू नको म्हणून सांगणं.